कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन : टाके सुकले, पण स्नायूंचं काय?

पाठराखण

एल४-एल५ (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) किंवा एल५-एस१ (पाचवा मणका आणि माकडहाडाच्या वरचं हाड) यांच्यामधली गादी काढली, नस मोकळी झाली, पायातली कळ गेली. तीन-चार महिन्यांनी वेगळीच तक्रार सुरू होते. ओट्याशी वीस मिनिटं उभं राहिलं की कंबर भरून येते, वाकून वर येताना मध्येच अडकते, बसून उठलं की पहिली चार पावलं वाकूनच पडतात. टाक्यांच्या कडेला बोट फिरवलं तर खळगा लागतो. पुन्हा एमआरआय काढला तर रिपोर्टात ‘नसेवर दाब नाही’ एवढंच असतं. ते बरोबरही असतं, पण त्यात स्नायूंबद्दल चकार शब्द नसतो. हा धागा त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आहे.

ज्या स्नायूबद्दल बोलायचं तो म्हणजे मल्टिफिडस. पाठीच्या मध्यरेषेवर मणक्यांचे उंचवटे हाताला लागतात, त्यांना अगदी चिकटून दोन्ही बाजूंनी, खोलवर. त्याचे धागे आखूड आणि दाट. प्रत्येक जुडगा वरच्या मणक्याच्या उंचवट्यावरून निघतो आणि दोन, तीन, चार मणके खाली जाऊन बसतो. पाठ उचलणं हे त्याचं मुख्य काम नाही. एक मणका दुसऱ्यावर नको तेवढा सरकू न देणं हे त्याचं काम. त्याच्या बाहेरच्या अंगाला इरेक्टर स्पायनी, ते लांब दोरखंड. जड वजन ते उचलतात, पण एकेका सांध्याला आवळून धरणं त्यांना जमत नाही.

ऑपरेशननंतर मल्टिफिडस बारीक होण्याची कारणं एकावर एक साचलेली असतात. ऑपरेशनच्या आधी कित्येक महिने नस दबलेली असते, माणूस वाकडा चालतो, त्या बाजूचा स्नायू तेव्हाच उतरायला लागतो. मग ऑपरेशनात तो हाडावरून सोडवावा लागतो. आणि नंतर, ‘जपा’ एवढाच सल्ला घेऊन घरी गेलेला माणूस वर्षभर त्याला काहीच काम देत नाही.

दुखणं थांबलं की स्नायू आपोआप भरतो, ही समजूत चुकीची आहे. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली, आयुष्यात पहिल्यांदाच कंबर धरलेल्या लोकांचे स्नायू सोनोग्राफीने मोजले. या लोकांचं ऑपरेशनसुद्धा झालेलं नव्हतं. बहुतेकांचं दुखणं चार आठवड्यांत गेलं, पण नेमका व्यायाम न केलेल्यांचा मल्टिफिडस दहाव्या आठवड्यालाही भरलेला नव्हता. केलेल्यांचा भरला. चाकू न लागलेल्या पाठीची ही गत, तर ऑपरेशन झालेल्या पाठीला वेगळे कष्ट लागणारच.

शस्त्रक्रिया, एमआरआय, आहार यांतल्या जाणकारांनी भर घालावी. व्यायामाचं मी पुढे सविस्तर लिहितो.

शल्यविचार

शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं ते सांगतो.

मध्यरेषेवर चीर घेऊन केलेल्या उघड्या ऑपरेशनात मल्टिफिडस मणक्याच्या उंचवट्यावरून आणि लॅमिनावरून, म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीवरून, खरवडून बाजूला केला जातो. मग रिट्रॅक्टर लावतात, म्हणजे स्नायू ताणून धरणारा चिमटा. त्याच्या पात्याखाली स्नायूतला रक्तपुरवठा दबतो. वेळ जितका जास्त आणि ताण जितका जास्त, तितकी इजा जास्त. म्हणून लांबलेल्या शस्त्रक्रियेत रिट्रॅक्टर मधूनमधून सैल करून स्नायूत रक्त खेळू देणं ही चांगली सवय आहे. रक्तस्राव थांबवायला वापरलेल्या कॉटरीची उष्णता हा आणखी एक घाव.

पण सगळ्यात महत्त्वाची ती बारीक नस, मीडियल ब्रँच. मल्टिफिडसच्या प्रत्येक जुडग्याला एकाच नसेचा पुरवठा असतो. शेजारची नस मदतीला येत नाही. ही नस खालच्या मणक्याच्या आडव्या फाट्याच्या मुळाशी, सांध्याला लागून, एका छोट्या बंधाखालून जाते, म्हणजे एका जागी बांधलेली असते. स्नायू फार बाहेरपर्यंत ओढला तर ती ताणली जाते किंवा तुटते. स्क्रू घालतात ती जागाही तिच्या अगदी शेजारी. एल३ ची मीडियल ब्रँच एल४ च्या फाट्यावरून जाते, त्यामुळे एल४ ला स्क्रू घालताना धोका एल३ च्या नसेला असतो. तिचा स्नायू एल३ च्या उंचवट्यापासून खाली एल५ आणि माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत पसरलेला. ‘ऑपरेशन एका ठिकाणी आणि स्नायू खाली का उतरला’ याचं उत्तर हे.

पद्धतीनुसार फरक पडतो. एका बाजूच्या मायक्रोडिस्केक्टमीत (छोट्या चिरेतून गादी काढणं) चीर साधारण २ ते ३ सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूच्या स्नायूला हात लागत नाही. नळीतून केलेल्या ऑपरेशनात स्नायू खरवडण्याऐवजी त्याचे धागे फाकवून वाट काढतात. अमेरिकन सर्जन विल्ट्झे यांनी १९६८ साली मांडलेली वाट मल्टिफिडस आणि लाँगिसिमस (इरेक्टर स्पायनीचाच एक भाग) यांच्या मधल्या नैसर्गिक फटीतून जाते. मणक्यातला नसांचा कालवा अरुंद झाला असेल तर एका बाजूने शिरून दोन्ही बाजू मोकळ्या करता येतात. दोन-तीन लेव्हलचं उघडं फ्यूजन, म्हणजे स्क्रू-रॉड घालून मणके एकमेकांना कायमचे जोडणं, यात स्नायूंना सर्वाधिक सोसावं लागतं.

याचा अर्थ छोटी चीर म्हणजे नेहमी श्रेष्ठ, असा काढू नये. मणका सरकलेला असेल, दोन्ही बाजूंच्या नसा गच्च आवळल्या असतील, तर नस पूर्ण मोकळी होणं हे पहिलं काम. स्नायू पुढे कमावता येतो. वेळेवर न सोडवलेली नस परत येईलच असं नाही.

सह्यकडा

छान धागा. दोन प्रश्न.

१. बाहेरून दिसणारा खळगा म्हणजे सगळा स्नायूच गेला असं समजायचं का?
२. एमआरआयची सीडी घरी असते. त्यात हे सामान्य माणसाला बघता येतं का, की उगाच भलतं काही बघून घाबरायला होईल?

शल्यविचार

पहिल्याचं उत्तर : नाही. लॅमिनेक्टमीत मणक्याचा मागचा उंचवटा आणि कमान काढलेली असेल तर मध्यभागी खोलगट लागणारच, स्नायू शाबूत असला तरी. दुसरं, स्नायूवरचा जाड पांढरा पडदा, म्हणजे फॅशिया, टाक्यांपाशी नीट जुळला नाही तर तिथे फट राहते आणि वरून खड्डा दिसतो. तिसरं, कातडीखालची चरबी व्रणापाशी आत ओढली जाते. हाताला लागणाऱ्या खड्ड्यावरून निष्कर्ष काढू नका.

उलट, खळग्याऐवजी मऊ, डुगडुगणारी फुगवटी आली आणि उभं राहिल्यावर डोकं दुखतं, आडवं झाल्यावर थांबतं, तर तो मणक्यातल्या पाण्याची गळती असण्याचा प्रकार आहे. फुगवटीसोबत ताप, लाली किंवा टाक्यांतून स्राव असेल तर जंतुसंसर्ग. दोन्ही वेळी त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं.

चित्रवाचक

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. बघता येतं, आणि नीट बघितलं तर घाबरायचं कारण नाही.

सीडी उघडली की आडवे छेद शोधा, म्हणजे काकडी आडवी कापल्यासारखी गोल चित्रं. त्यातलं एल४-एल५ च्या गादीच्या पातळीवरचं एक आणि एल५-एस१ चं एक घ्या. चित्रात पोट वर असतं, पाठ खाली. मध्ये गादी, तिच्या दोन्ही बाजूंना मोठे गोल गडद गोळे दिसतात ते सोआस स्नायू, त्यांच्याशी घोळ करू नका. खाली मधल्या उंचवट्याला चिकटून दोन्हीकडे त्रिकोणी भाग दिसतो तो मल्टिफिडस. त्याच्या बाहेरचा मोठा पट्टा इरेक्टर स्पायनी.

टी१ आणि टी२ या दोन्ही प्रकारच्या चित्रांत चरबी पांढरी आणि स्नायू गडद राखाडी. चांगला स्नायू एकसंध राखाडी दिसतो, आत अगदी बारीक पांढऱ्या रेषा. बिघडलेला स्नायू पांढऱ्या ठिपक्यांनी, पट्ट्यांनी भरत जातो. आधी आतल्या बाजूने, लॅमिनाजवळ, मग बाहेर.

मोजायला एक साधी श्रेणी वापरतात. फ्रेंच सर्जन गुटालिए यांनी ती १९९४ साली खांद्याच्या स्नायूंसाठी मांडली होती, पाठीलाही लावली जाते. शून्य म्हणजे चरबी नाही. १ म्हणजे काही रेषा. २ म्हणजे चरबी आहे, पण स्नायूपेक्षा कमी. ३ म्हणजे निम्मं-निम्मं. ४ म्हणजे चरबी जास्त, स्नायू कमी. ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. तीच पातळी, तोच प्रकार. पुष्कळदा आधीच्या चित्रातच श्रेणी २ असते आणि दोष ऑपरेशनवर येतो.

तीन सावधगिऱ्या. साठीनंतर एल५-एस१ ला थोडी चरबी बहुतेकांना असते, दुखत नसलेल्यांनाही. स्क्रू असतील तर धातूमुळे आजूबाजूचं चित्र विस्कटतं, तिथे श्रेणी लावू नका, वरची मोकळी पातळी बघा. आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत स्टर (STIR) नावाच्या एमआरआय चित्रात स्नायू पांढरा चमकला तर ती चरबी नव्हे. त्या चित्रात चरबी काळी आणि पाणी पांढरं असतं, म्हणजे ती सूज किंवा नसेचा पुरवठा तुटल्याची खूण. ती चमक पुढे ओसरते. ओसरून स्नायू राखाडी राहिला तर उत्तम. चरबीने पांढरा झाला तर ती जागा परत मिळणं अवघड.

तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा की विनंतीपत्रावर ‘पाठीच्या स्नायूंची दोन्ही बाजूंची तुलना लिहावी’ एवढी ओळ घाला. विचारलं तर लिहिलं जातं.

निशिगंध

चरबी झालेली जागा परत स्नायू होते का, हे कुणी स्पष्ट सांगेल का? एक जण म्हणतो होते, दुसरा म्हणतो कधीच नाही.

पाठराखण

दोन गोष्टी वेगळ्या करूया.

न वापरल्यामुळे बारीक झालेला धागा जाड होतो. त्यात शंका नाही. नस ताणली गेली होती, पण तुटली नव्हती, तर तीही सावरते. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगाने वाढते, आणि या नसेला अंतर काही सेंटिमीटरचंच कापायचं असतं. म्हणून पहिलं वर्ष मोलाचं. मात्र जिथे धागाच मेला आणि चरबी-व्रण बसला, तिथे पुन्हा स्नायू उगवेल अशी आशा लावू नये. उरलेले धागे जाड करणं, ते वेळेवर आवळायला शिकवणं आणि शेजाऱ्यांना, म्हणजे इरेक्टर, पोट आणि नितंबांच्या स्नायूंना बळकट करणं, हे शक्य आहे आणि पुरेसं ठरतं. श्रेणी ३ असलेली माणसंही दहा किलोची गोणी नीट उचलायला शिकतात. चित्र बदलत नाही, काम बदलतं.

फ्यूजन झालेल्यांसाठी एक जादा गोष्ट. जोडलेल्या पातळीवर हालचालच उरलेली नाही, तिथल्या मल्टिफिडसला काम कमीच. तिथला उतार काही प्रमाणात राहणार. तुमचं लक्ष वरच्या मोकळ्या पातळीवर आणि खुब्यांवर हवं, कारण जोडलेल्या भागाचा वाटा आता त्यांना उचलायचा आहे.

रेवा_सांगली

आता व्यायामाचं येऊ द्या. ‘कोअर मजबूत करा’ असं सगळे सांगतात. किती, केव्हा, कसं, हे कुणी सांगत नाही.

पाठराखण

लिहितो. हे साध्या डिस्केक्टमीचं (गादी काढणं) आणि डीकम्प्रेशनचं (नस मोकळी करणं) वेळापत्रक. फ्यूजन असेल तर दुसऱ्या आठवड्यानंतरचा प्रत्येक टप्पा साधारण सहा आठवडे पुढे ढकला, आणि वजन हातात घेण्याआधी एक्स-रे किंवा सीटी बघून सर्जनचा होकार घ्या.

*पहिले दोन आठवडे.* कुशीवर वळून, पाय खाटेवरून खाली सोडत, हाताने रेटून उठायचं. चालणं एकदम अर्धा तास नको, पाच-दहा मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा. आणि स्नायू ‘सापडवणं’. कुशीवर झोपा, गुडघे थोडे दुमडून. वरच्या हाताची दोन बोटं कमरेच्या मधल्या उंचवट्यापासून दीड-दोन सेंटिमीटर बाजूला, पट्टी असेल तर तिच्या वर किंवा खाली, हलकी रुतवा. श्वास सोडा. आता पाठ न हलवता, बोटांखालचा भाग बोटांना हळूच ढकलेल असा प्रयत्न करा. कणीक फुगावी तसं सावकाश, पसरट वर आलं तर तो मल्टिफिडस. दोरीसारखं टणक, एकदम उसळलं तर तो बाहेरचा लांब स्नायू, म्हणजे जोर जास्त लागला. ताकद तिसरा हिस्सा वापरा. १० सेकंद धरणं, १० वेळा, दिवसातून दोनदा. श्वास चालू ठेवायचा.

दोन बाजूंत फरक आहे का, हे नंतर, पालथं झोपायची परवानगी मिळाल्यावर तपासता येतं. पालथे झोपा, एक हात कानाच्या बाजूला कोपरात दुमडून ठेवा, दुसऱ्या माणसाला कमरेच्या विरुद्ध बाजूला बोट ठेवायला सांगा आणि हात फक्त ५ सेंटिमीटर उचला. निरोगी बाजूला बोटाखाली स्नायू लगेच भरतो. उतरलेल्या बाजूला उशिरा भरतो, किंवा भरतच नाही.

*तिसरा ते सहावा आठवडा.* चालणं एका दमात २० ते ३० मिनिटांवर न्या. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, ८ वेळा, ३ फेऱ्या. खुर्ची उंच घ्या, मग बुटकी. सेतू : पाठीवर झोपून कंबर उचलणं. टाचा बुडापासून एका वितीवर हव्यात. लांब ठेवल्या की मांडीच्या मागे गोळा येतो आणि नितंब झोपून राहतो, ही सगळ्यात सर्रास चूक. मग हात-गुडघ्यांवर या आणि फक्त एक पाय मागे सरकवत नेऊन आणा, जमिनीपासून न उचलता.

*सातवा ते बारावा आठवडा.* आता उलट हात आणि पाय दोन्ही उचला, ज्याला बर्ड-डॉग म्हणतात. १० सेकंद धरा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी सांगितलेली उतरती पद्धत चांगली आहे : एका बाजूला ६, मग ४, मग २. थकून आकार बिघडण्याआधीच थांबता येतं. कमरेवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा. ती गडगडली की ओटीपोटाचा सांगाडा फिरतोय. मग पाय खाली घ्या, उंची कमी करा. जोडीला गुडघ्यावरचा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचलून धरणं, १० सेकंदांचे ५.

इथेच खुब्यातून वाकायला शिकायचं. पाठीला झाडूचा दांडा लावा. डोक्याची मागची बाजू, खांद्यांमधला भाग आणि माकडहाड, या तीन ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. गुडघे थोडे मोकळे ठेवून बूड मागे ढकला. दांडा एकाही ठिकाणी सुटला तर पाठ वाकली.

*बारा आठवड्यांनंतर* वजन. आणि इथेच बहुतेक जण थांबतात.

स्नायू जाड व्हायला वाढता भार लागतो. तेच दहा सेतू दोन वर्षं रोज केले तर पहिल्या दोन महिन्यांनंतर स्नायूला त्यातून नवीन काहीच मिळत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे डोक्यात ठेवा. पाच लिटरचा कॅन स्टुलावर ठेवून खुब्यातून वाकून उचला, ८ ते १२ वेळा, ३ फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटायला हव्यात. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन्ही दिवशी १२ सहज झाले की पाऊण-एक लिटर वाढवा. स्टूल हळूहळू बुटकं करा. जिम जवळ असेल तर ४५ अंशांच्या बाकावर पाठ उचलणं सर्वांत थेट. पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद वाढते ती नसा सुधारल्यामुळे. आकार आठ ते बारा आठवड्यांनी दिसायला लागतो. सहा आठवड्यांत सोडून दिलं तर नेमकं दारात येऊन परतल्यासारखं.

दुखण्याचा नियम : दहापैकी तीन-चारपर्यंत, कमरेतच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत, तर चालेल. दुखणं नितंबातून मांडीत, पोटरीत उतरायला लागलं तर तो व्यायाम थांबवा.

शल्यविचार

लवकर सुरू केलं तर गादी पुन्हा सरकेल, या भीतीबद्दल. गादीच्या ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणं आणि अडचण लवकर कमी होते, आणि पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. कोक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्याचा हाच निष्कर्ष आहे. तीन महिने खाटेवर झोपवून ठेवणं हे जपणं नव्हे.

डोंबिवलीचा_दादा

योगासनांचं काय? आपल्याकडे बहुतेकांना पहिला सल्ला भुजंगासनाचाच मिळतो. आणि बेल्ट किती दिवस?

पाठराखण

दादा, भुजंगासन हातांनी रेटून केलं तर पाठीच्या स्नायूंना काम फार कमी. ती लवचीकता झाली, ताकद नाही. कालवा अरुंद असलेल्यांना मागे वाकल्यावर पाय भरून येतात, त्यांनी ते टाळावं. अर्ध शलभासन, म्हणजे पालथं झोपून एक पाय उचलणं, सातव्या-आठव्या आठवड्यापासून उपयोगी. दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम उचलणारा प्रकार मात्र नको. त्यात कमरेच्या सांध्यांवर ६००० न्यूटनच्या घरात दाब येतो असं मॅकगिल यांची मोजमापं सांगतात. बर्ड-डॉगमध्ये तेच काम निम्म्या दाबात होतं. पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कार तीन महिने बाजूला. फ्यूजनवाल्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय नाहीच.

बेल्ट सर्जन सांगतील तितकाच, बहुतेक वेळा उठण्या-फिरण्यापुरता. बेल्टने स्नायू झिजतो असं जे ऐकू येतं त्याला भक्कम आधार नाही. खरी अडचण अशी की बेल्ट आहे म्हणून माणूस व्यायाम टाळतो. सोडताना घरात आधी, प्रवासात शेवटी. एसटीचा किंवा दुचाकीचा प्रवास असेल तर दर पाऊण तासाला उतरून पाच मिनिटं चाला.

रेवा_सांगली

मालिश, शेक, करंट, यांनी स्नायू भरतो का?

पाठराखण

नाही. बरं वाटतं, आणि बरं वाटण्याचा उपयोग व्यायाम सुरू करायला होतो, तेवढाच. आयएफटीचा करंट, फिजिओथेरपीत पॅड लावून देतात तो, दुखणं कमी करायला आहे. स्नायू आवळवणारा करंट वेगळा, आणि पॅड लावून तो खोल मल्टिफिडसपर्यंत पुरेसा पोचवणं कठीण. स्क्रू-रॉड असेल तर शॉर्टवेव्हचा शेक घ्यायचाच नाही, धातूभोवती उष्णता साठते. सेंटरमध्ये गेल्यावर आधी सांगा, ‘आत धातू आहे’.

शल्यविचार

एक भर. कंबरदुखी राहिली म्हणून मीडियल ब्रँच जाळण्याचा उपाय सुचवला जातो. सांध्याचं दुखणं त्याने थांबतं, पण तीच नस मल्टिफिडसला चालवते. काहींना तो उपाय योग्य असतो. तरीही निर्णयाआधी ‘स्नायूंचं काय’ हे विचारा, आणि केलाच तर दुखणं थांबलेले महिने व्यायामाविना वाया घालवू नका.

ताटवाटी

व्यायामाला कच्चा माल लागतो, तो ताटातून. आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं दिली आहेत. ऑपरेशननंतर आणि स्नायू कमावताना १.२ ते १.५ ग्रॅम धरावीत. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९०. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

शाकाहारी मराठी ताटात हे बसतं, फक्त मोजायला हवं. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही, १९ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, ३० ग्रॅम मटकीची उसळ आणि ताक, २२ च्या आसपास. चार वाजता मूठभर फुटाणे आणि २५० मिली दूध, १५. रात्री एक ज्वारीची भाकरी, ७५ ग्रॅम पनीरची भुर्जी किंवा ३० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे भिजवून, आणि अर्धी वाटी आमटी, २४. एकूण ८०.

चुकतं कुठे? आमटी पातळ असते. वाटी तीच, डाळ निम्मी. आणि सकाळी चहा-पोहे. पोह्यांत प्रथिनं नगण्य, सगळा भार रात्रीच्या जेवणावर जातो. तीन-चार वेळांत वाटून खाल्लेलं स्नायूला जास्त लागू पडतं. अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगड्यात १९-२०, त्यामुळे मासे खाणाऱ्या कोकण-गोव्याच्या घरांना हे सोपं जातं.

ड जीवनसत्त्व तपासून घ्या. रक्ताच्या मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे देतात. ती संपल्यावर स्वतःच्या मनाने वर्षभर चालू ठेवू नका, रक्तात कॅल्शियम वाढतं.

आणि तंबाखू. फ्यूजनमध्ये हाड जुळण्याच्या आड निकोटिन येतं. विडी-सिगारेटबद्दल डॉक्टर विचारतात, मिशरीबद्दल कुणी विचारत नाही, आणि घरातल्या बाईला ती ‘तंबाखू’ वाटतही नाही. मिशरी, मळलेली तंबाखू, गुटखा, सगळ्यांत निकोटिन आहे. दिवसातून तीनदा मिशरी लावणाऱ्या आजींचं फ्यूजन ठरलं असेल तर हे आधी सर्जनच्या कानावर घाला.

सह्यकडा

पायाची पोटरी बारीक झाली असेल तर तेही यातच येतं का?

पाठराखण

नाही, ते वेगळं. पोटरी किंवा नडगीपुढचा स्नायू उतरला तर मूळ नसेत, एस१ किंवा एल५ मध्ये. तपासायला सोपं : एका पायावर उभं राहून भिंतीला बोट टेकवून टाच उचला. चांगल्या पायावर जितक्या वेळा जमतं तितक्या वेळा दुसऱ्यावर जमलं पाहिजे. टाचांवर चालून पाहा, पाऊल आपटतं का? ऑपरेशनच्या आधीपासून असलेला अशक्तपणा हळूहळू सुधारत असेल तर ठीक. *नव्याने* पाऊल वर उचलता येईनासं झालं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

निशिगंध

शेवटचं विचारते. ऑपरेशनला सात-आठ वर्षं झाली, तेव्हा कुणी काही सांगितलं नाही, एमआरआयवर श्रेणी ३. अशा माणसाने आता सुरू करण्यात अर्थ आहे का? आणि नेमकं कुठून?

पाठराखण

अर्थ आहे. नसेच्या सावरण्याची संधी गेली, पण उरलेल्या धाग्यांची ताकद कोणत्याही वयात वाढते. फक्त सुरुवात बारा आठवड्यांच्या टप्प्यावरून करू नये, वेळापत्रक मागे नेऊन तिसऱ्या आठवड्याचं घ्यावं.

पहिले १४ दिवस असे : रोज बोटाने स्नायू सापडवण्याचे १० सेकंदांचे १०, खुर्चीतून उठ-बस ८ च्या २ फेऱ्या, सेतू ८ चे २, आणि सपाट रस्त्यावर १५ मिनिटं चालणं दोनदा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहा. एक, ओट्याशी किंवा रांगेत किती मिनिटं उभं राहिल्यावर कंबर भरली. दोन, दुसऱ्या दिवशी सकाळचं दुखणं दहापैकी किती. पंधराव्या दिवशी मिनिटं तेवढीच किंवा जास्त असतील आणि सकाळचा आकडा वाढलेला नसेल तर बर्ड-डॉगवर या. सकाळचा आकडा चढत असेल तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका, आणि आणखी एक आठवडा तिथेच थांबा. दोन महिन्यांनी पाच लिटरचा कॅन.